उन्हाचं वाळवण

चैत्र अर्धा उलटला की गच्चीवर कुरडयांच्या ओळी लागतात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक शिजवून सोऱ्यातून घातलेला, खाली जुन्या धोतराचं धुतलेलं पान, चार कोपऱ्यांवर चार दगड. दोन-तीन कडक उन्हं मिळाली की त्या डब्यात जातात आणि श्रावणातल्या सणाला तळून पानात येतात. वैशाखातलं ऊन श्रावणात खायची ही सोय घरोघर होती आणि तिच्यात ऊन साठवायची पेटी कुठेच नव्हती. उन्हानं केलेलं काम तेवढं साठवलं जायचं. मिरची, हळद, आमसुलं, सुकट, सगळ्यांचा हिशोब हाच.

बॅटरीशिवाय सोलर पॅनेल वापरायचं म्हणजे याच हिशोबाकडे परत यायचं. पॅनेलची वीज ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरावी लागते, नाहीतर ती तयारच होत नाही. तेव्हा असं काम शोधायचं, जे ऊन असेल तेव्हा झालं तरी चालतं आणि ज्याचं फळ संध्याकाळपर्यंत, पुढच्या आठवड्यापर्यंत टिकतं. महाराष्ट्रात असं सगळ्यात मोठं काम एकच: विहिरीतलं पाणी वर आणणं.

बॅटरी रात्रीसाठी असते असा समज आहे. तो अपुरा आहे, आणि तिथूनच बिनबॅटरीच्या बहुतेक जोडण्या फसतात. बॅटरी तीन कामं करते. पहिलं रात्रीचं. दुसरं ढगाचं: आभाळातून एक पुंजका सरकला की चार-पाच सेकंदांत पॅनेलची ताकद पूर्ण उन्हाच्या पाचव्या हिश्शावर येते आणि तेवढ्यापुरता भार बॅटरी उचलते. तिसरं काम धक्क्याचं. थेट लावलेली मोटर सुरू होताना चालू प्रवाहाच्या पाच-सात पट प्रवाह मागते. हा धक्का अर्ध्या सेकंदाचाही नसतो, पण तेवढा प्रवाह पॅनेल कधीच देऊ शकत नाही. बॅटरी काढली की ही तिन्ही कामं दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावी लागतात. इन्व्हर्टरच्या आतला कपॅसिटर ती करेल असं कुणी सांगितलं तर साधा गुणाकार करून बघावा. २,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४०० व्होल्टला भरला तर त्यात १६० ज्यूल ऊर्जा मावते. एक किलोवॅटचा भार तेवढ्यावर ०.१६ सेकंद चालतो, साधारण पापणी लवेपर्यंत. बॅटरीशिवाय चालतो म्हणून विकलेल्या साध्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे व्यवस्थित चालतात आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताक्षणी सगळं घर बंद पडतं, ते यामुळे.

पॅनेलचा स्वभाव एकदा नीट कळला की पुढचे निम्मे घोळ टळतात. आपल्याला सवय बॅटरीची किंवा भिंतीतल्या सॉकेटची असते. तिथे व्होल्टेज ठरलेलं आणि प्रवाह मागू तेवढा. पॅनेलचं उलट आहे. त्याचा प्रवाह ठरलेला असतो, तो उन्हाच्या प्रमाणात वाढतो-घटतो, आणि त्यापलीकडे कितीही ओढलं तरी वाढत नाही. ओढणाऱ्याच्या हाती फक्त कोसळलेलं व्होल्टेज येतं. १०० वॅटचं ३६ सेलचं पॅनेल घेतलं तर त्याचं उघडं व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता मोजलेलं, २१-२२ असतं, सगळ्यात जास्त ताकद १८ व्होल्टच्या आसपास साडेपाच अ‍ॅम्पिअरला मिळते, आणि दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी प्रवाह ६ अ‍ॅम्पिअरवर थांबतो. या पॅनेलला सव्वातीन ओहमची हीटरची तार थेट जोडली तर दुपारी बाराला पूर्ण १०० वॅट मिळतात. ऊन अर्धं झालं की प्रवाह ३ अ‍ॅम्पिअरवर येतो, तारेवरचं व्होल्टेज साडेनऊ-दहावर उतरतं आणि ताकद राहते ३० वॅटच्या आत. त्याच उन्हात पॅनेल ४८ वॅट द्यायला तयार होतं. ऊन पाव झालं की तारेला मिळतात जेमतेम ७ वॅट, जिथे २४ मिळू शकले असते. ऊन निम्मं झालं तर काम निम्मं व्हायला हवं, पण थेट जोडणीत ते पाव होतं. ही गळती भरून काढणाऱ्या यंत्रणेला एमपीपीटी म्हणतात. ती पॅनेलला त्याच्या आवडत्या व्होल्टेजवर धरून ठेवते आणि भाराला हवं तसं रूपांतर करून देते. बॅटरी नसताना ही चैन नव्हे, गरज आहे.

पॅनेलला थेट यूएसबी जोडून मोबाइल चार्ज करतानाही हाच स्वभाव आड येतो. जोडताना मोबाइल एकदाच अंदाज घेतो की समोरून किती प्रवाह मिळेल. तेवढ्यात ढग आला तर तो आपली मागणी खाली आणतो आणि ऊन परतल्यावरही पुष्कळदा तिथेच राहतो. केबल काढून पुन्हा लावली की चार्जिंग पूर्ववत होतं. बिघाड कुठेच नसतो.

आता पंप. शेतीच्या फिडरला आठ-दहा तास वीज, तीही आलटून पालटून दिवसा आणि रात्री, आणि रात्रीच्या पाळीत हातात टॉर्च घेऊन दारं धरायला जाणं, हे आपल्याकडे पिढ्यांनी सोसलं आहे. साप, बिबट्या, थंडी, ओल्या हातानं स्टार्टरला लागणारा झटका. सौर पंपानं काही बदललं असेल तर पाणी द्यायची वेळ बदलली, आणि मला त्याचं मोल अनुदानाच्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं. केंद्राची कुसुम योजना २०१९ची, राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ २०२४ची. तिच्यात अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. २०१७ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पंपाऐवजी उपकेंद्राजवळ पॅनेल उभे करते आणि अख्खा फिडर दिवसा चालवते. ऊन असताना पाणी ओढून घ्यायचं, ही कल्पना दोन्हींत एकच.

पाच एचपीचा पंप म्हणजे ३.७ किलोवॅट, आणि त्याला ४,८०० वॅटच्या आसपास पॅनेल लावतात. ३३० वॅटचे १५ पॅनेल एका सिरीजमध्ये जोडले की चालू व्होल्टेज १५ गुणिले ३७.५, म्हणजे सुमारे ५६० आणि उघडं व्होल्टेज १५ गुणिले ४६, म्हणजे ६९०. हे डीसी घेऊन कंट्रोलर त्याची तीन फेजची एसी करतो, आणि मोटर एकदम न ओढता हळूहळू वेग वाढवत नेतो. बॅटरीचं तिसरं काम, धक्क्याचं, इथे संपलं. मोटर मागेल तेवढं द्यायचं नाही, ऊन देईल तेवढंच मोटरला मागायला लावायचं. ढगाचं कामही त्याच युक्तीनं सुटतं: ऊन उतरलं की कंट्रोलर वेग उतरवतो, मोटर एकदम बंद पडत नाही.

पण पंपाचा हिशोब सरळ रेषेत चालत नाही, हे न कळल्यामुळे पुष्कळ लोक सकाळी डीलरला फोन करतात. पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मं होतं, पाणी चढण्याची उंची चौथाईवर येते आणि लागणारी ताकद आठव्या हिश्शावर. समजा पंप पूर्ण वेगाला, म्हणजे ५० हर्ट्झला, जास्तीत जास्त ५० मीटर उंच पाणी ढकलतो आणि आपल्याला विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत ३० मीटर चढवायचं आहे. वेग सुमारे ३९ हर्ट्झच्या वर जाईपर्यंत मोटर फिरते, डिस्प्लेवर आकडे हलतात आणि पाइपच्या तोंडाशी थेंब येत नाही. पंप नादुरुस्त नसतो, त्याला अजून उंची गाठता आलेली नसते. त्यामुळे पंप निवडताना एचपी दुय्यम, हेड, म्हणजे पाणी चढवायची एकूण उंची, आधी. उन्हाळ्यातली पाण्याची पातळी, तिथून टाकीची उंची, पाइपमधल्या घर्षणासाठी साधारण दहा टक्के, आणि ठिबक थेट चालवायचं असेल तर त्याचे दहा-पंधरा मीटर, ही बेरीज करूनच पंपाचं मॉडेल मागावं. गरजेपेक्षा फार जास्त हेडचा पंप घेतला तर भर दुपारीही पाणी कमी येतं. गरजेपेक्षा कमी हेडचा घेतला तर सकाळ-संध्याकाळचे चार तास वाया जातात.

सबमर्सिबलच्या बाबतीत आणखी एक खालची मर्यादा आहे. तिचं थ्रस्ट बेअरिंग पाण्याच्या पातळ थरावर फिरतं आणि तो थर पुरेसा वेग आल्याशिवाय तयार होत नाही. म्हणून कंट्रोलरमधली किमान फ्रिक्वेन्सी ३० हर्ट्झच्या खाली नेऊ नये. मोटर सकाळी लवकर उठावी या हौसेनं ती १५-२० वर आणून ठेवली की पाणी एक थेंब वाढत नाही आणि बेअरिंग झिजतं.

उष्णतेचा फटका तर थेट आकड्यांत दिसतो. पॅनेलच्या पाटीवरचे आकडे २५ अंशांचे असतात. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपुरात काच ६५ अंशांवर सहज जाते. चालू व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.४ टक्के उतरतं, म्हणजे ४० अंशांना १६ टक्के. ५६०चे ४७० उरतात. ४१५ व्होल्टची मोटर पूर्ण वेगानं फिरवायला डीसी बाजूला ५८५च्या पुढे लागतात. व्होल्टेज चढवणारा बूस्ट भाग कंट्रोलरमध्ये नसेल तर मोटर चाळीस हर्ट्झच्या आसपास अडकते, ऊन मात्र आग ओकत असतं. फेब्रुवारीत धो धो पाणी देणारा पंप मेमध्ये का मंदावतो याचं उत्तर पुष्कळदा विहिरीत नसून इथे असतं. म्हणूनच सोलरसाठी बनवलेल्या मोटरचं वाइंडिंग अनेकदा कमी व्होल्टेजचं असतं. ती जळाली आणि गावातल्या रिवाइंडिंगवाल्यानं सवयीनं ४१५ची गुंडाळली, किंवा बाजारातली साधी मोटर आणून सोडली, की पाणी कायमचं कमी होतं आणि कारण सापडत नाही. मोटरच्या पाटीचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा आणि रिवाइंडिंगवाल्याला तोच आकडा द्यावा.

थंडीत उलटा धोका. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांपर्यंत आला की उघडं व्होल्टेज पाच-सहा टक्के चढतं, ६९०चे ७३० होतात. ८०० व्होल्टपर्यंत सोसणारा कंट्रोलर तिथे सुरक्षित आहे. पण पाणी वाढावं म्हणून कुणी त्याच सिरीजमध्ये आणखी तीन पॅनेल जोडले, तर १८ गुणिले ४६, म्हणजे ८२८, आणि सूर्य उगवल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत कंट्रोलर जातो. जास्तीचे पॅनेल जोडायचे असतील तर तेवढ्याच संख्येची दुसरी सिरीज समांतर जोडावी. कंट्रोलर जेवढा प्रवाह पेलतो तेवढाच घेतो, मात्र त्याच्या पुस्तिकेत दिलेली प्रवाहाची कमाल मर्यादा पाहूनच हे करावं.

आणि हे करण्यासारखं आहे. बॅटरीवर घालायचे पैसे पॅनेलवर घातले तर ते जास्त टिकतात, असं माझं स्पष्ट मत आहे. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार-पाच वर्षांत जाते, पॅनेलची हमी २५ वर्षांची असते. दुसरी सिरीज दक्षिणेकडे न लावता एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला कललेली ठेवली तर दुपारचा शेंडा बोथट होतो, पण सकाळ आणि संध्याकाळ भरून निघते, आणि पंपाला नेमकं तेच हवं असतं, कारण त्या ३९ हर्ट्झच्या उंबरठ्यावर अडकण्याचा वेळ कमी होतो. व्होल्टेज उन्हाच्या तीव्रतेनं फारसं हलत नाही, प्रवाह हलतो, म्हणून दोन दिशांच्या सारख्या सिरीज समांतर जोडल्या तरी एकमेकींशी भांडत नाहीत. सांगाडा हातानं फिरवता येत असेल तर दिवसातून तीनदा पॅनेलचं तोंड फिरवूनही असाच फायदा मिळतो, शेतावर माणूस असेल तर. एकाच जागी बसवायचे असतील तर दक्षिणेकडे १५ ते २० अंशांचा कल आपल्या अक्षांशाला मानवतो.

उरलं रात्रीचं काम, आणि ते पाण्यानं करायचं. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला २.७ वॉट-तास लागतात. दहा हजार लिटरची टाकी तीस मीटरवर भरली तर पाण्यात ८०० वॉट-तास काम जमा झालं. पंप, मोटर आणि पाइप मिळून ४० टक्के कार्यक्षमता धरली तर त्यासाठी दोन युनिट वीज लागली. १२ व्होल्ट १५० अ‍ॅम्पिअर-अवर बॅटरीत १.८ युनिट मावतात आणि तिचं आयुष्य राखायचं तर निम्मेच वापरायचे. म्हणजे ती एक टाकी दोन बॅटऱ्यांच्या जागी उभी आहे. वर ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर मावतात. विहिरीतून वीस मीटर उचलून ते भरायला ३०० युनिट लागतात. तेवढी वीज साठवायला तशा तीनशेहून अधिक बॅटऱ्या लागल्या असत्या. शेततळ्याचीही गळती आहे: उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर जरी बाष्प झालं तरी ९०० चौरस मीटर पृष्ठावरून रोज ७,२०० लिटर उडून जातात, अर्ध्या एकराच्या ठिबकाएवढे. म्हणून तळं हिवाळ्यात भरायचं आणि उन्हाळ्यात विहिरीच्या आधी त्यातलं पाणी संपवायचं. विहिरीत पाणी असताना तळं राखून ठेवण्यात तोटा आहे.

पाच एचपीच्या पंपाला स्वच्छ दिवशी २४ युनिटांच्या आसपास वीज मिळते. एकूण हेड ३० मीटर असेल तर त्यात एक लाख ते सव्वा लाख लिटर पाणी वर येतं. पिकाला दिवसाला चार मिलिमीटर पाणी या हिशोबानं एकराला रोज सोळा हजार लिटर लागतात. पाच एकरांना ऐंशी हजार. ढगाळ दिवसांसाठी थोडी शिल्लक उरते, फार नाही.

ठिबक सौर पंपावर थेट चालवताना दाब हलतो आणि पाणी असमान पडतं, ही तक्रार खरी आहे. ड्रिपरना एक ते दीड किलो दाब हवा, आणि तो सकाळी नऊला नसतो. टाकी उंचावर असेल तर सगळ्यात सोपं: दिवसभर भरायची, उतारानं सोडायची. उंचावर टाकी नसेल तर क्षेत्राचे असमान भाग पाडावेत. सकाळी आणि चारनंतर लहान भागाचा कॉक उघडायचा, अकरा ते तीन मोठ्याचा. कमी तोंडं उघडी असली की कमी वेगातही दाब धरतो. व्हेंचुरीतून खत सोडायचं ते साडेदहा ते अडीचमध्येच, कारण दाबात फरक पडल्याशिवाय व्हेंचुरी खत ओढत नाही. सँड फिल्टर उलटा धुवायचा तो भर दुपारी. सकाळच्या मंद प्रवाहात धुतलेल्या फिल्टरमध्ये वाळू उसळतच नाही, कचरा आत राहतो आणि पुढे लॅटरल, म्हणजे ड्रिपरच्या नळ्या, चोंदतात. उंचसखल रानात दाब-नियंत्रित ड्रिपर थोडे महाग पडतात, पण सौर पंपावर त्यांचा खर्च निघतो.

बिघाडांमध्ये सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फुटव्हॉल्व्ह, पाइपच्या खालच्या तोंडाशी पाणी धरून ठेवणारी झडप. विजेचा पंप दिवसातून एकदा सुरू होतो, एकदा बंद होतो. सौर पंप श्रावणातल्या दिवशी दहा-पंधरा वेळा थांबतो आणि उठतो. विहिरीच्या काठावरच्या मोनोब्लॉकचा फुटव्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर विजेवर ते चालून जायचं, इथे प्रत्येक ढगाला पाइपातलं पाणी खाली उतरतं, पंप हवा घेतो आणि ऊन आल्यावर नुसता फिरत राहतो. व्हॉल्व्हचं चामडं किंवा रबर दर हंगामाला बदलावं, जाळी साफ करावी. सबमर्सिबलच्या वरचा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न येऊ देणारा व्हॉल्व्ह, तितकाच महत्त्वाचा. तो बसला नाही तर पाण्याचा स्तंभ उलटा उतरताना पंप उलटा फिरतो, आणि त्याच क्षणी कंट्रोलरनं सुलटं चालू केलं तर शाफ्टला झटका बसतो.

ड्राय रनचं, म्हणजे पंप कोरडा फिरू नये यासाठीचं, संरक्षणही नीट लावून घ्यावं लागतं. विहीर आटली की मोटरवरचा भार हलका होतो, कंट्रोलर ते ओळखून थांबतो. पण ऊन कमी असतानाही भार हलका असतो, आणि मर्यादा चुकीची असेल तर ढगाला तो कोरडी विहीर समजतो. मग अर्धा तास थांबायची वेळ लागू होते, आणि असे चार ढग म्हणजे दोन तास. मर्यादा ठरवायची ती दुपारी बाराला, पाणी पूर्ण चालू असताना, आणि ठराविक फ्रिक्वेन्सीला किती वॅट लागतात ते पाहून. नुसत्या अ‍ॅम्पिअरवरून नाही.

सावलीबद्दल लोक म्हणतात, एका कोपऱ्यावर तर पडते. सिरीजमध्ये सगळ्यांतून एकच प्रवाह वाहतो, म्हणून एक झाकलेला सेल पूर्ण ओळीला अडवतो. पॅनेलमागच्या पेटीत साधारण तीन बायपास डायोड असतात, ते तेवढा तिसरा हिस्सा वगळून प्रवाहाला वाट करून देतात, पण त्या हिश्शाचं व्होल्टेज जातं. मेमध्ये आधीच व्होल्टेज तोकडं असताना कडेच्या चार पॅनेलवर उसाची सावली पडली तर पंप थांबू शकतो. पॅनेलसमोर दक्षिणेला ऊस, केळी किंवा शेवगा लावू नये. धूळ पहाटे, काच थंड असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसावी. बोअरचं जड पाणी काचेवर वाळू दिलं की पांढरे डाग बसतात, ते नंतर निघत नाहीत.

जीवावर बेतणाऱ्या गोष्टीही सांगायलाच हव्यात. ६००-७०० व्होल्ट डीसी हा घरातल्या विजेपेक्षा वेगळा प्राणी आहे. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, म्हणून संपर्क तुटला की ठिणगी विझते. डीसीची ठिणगी विझत नाही, ती ताणली जाते आणि जळत राहते. चालू पंपाच्या पॅनेलच्या तारांचा एमसी-४ जोड हातानं ओढून काढू नये. आधी कंट्रोलर थांबवायचा, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनेलची वीज तोडणारा स्विच, मग जोड. एसीचा स्वस्त एमसीबी डीसी बाजूला लावला तर तो तुटण्याऐवजी पेटतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ एकमेकांत बसतात, पण घट्ट बसत नाहीत. दोन पावसाळ्यांनी तिथेच प्लास्टिक वितळलेलं दिसतं. आयसोलेटर बंद केला तरी त्याच्या पॅनेलकडच्या बाजूला दिवसभर पूर्ण व्होल्टेज असतं, कारण सूर्याला स्विच नाही. अर्थिंग तीन वेगळ्या खड्ड्यांत: वीजरोधक, सांगाडा आणि कंट्रोलर. रोहिणी-मृगाच्या वळवात जळणारे कंट्रोलर पुष्कळदा एकाच खड्ड्यात सगळ्या तारा आणल्यामुळे जळतात.

गच्चीवरची गोष्ट निराळी आहे. तिथे बॅटरी नसते तेव्हा टाकीचं काम ग्रिड करतं: दिवसा द्यायचं, रात्री घ्यायचं, नेट मीटर वजाबाकी ठेवतो. एका किलोवॅटमागे आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट. फेब्रुवारी २०२४मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्यावर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि त्यामुळे गच्च्या भराभर भरताहेत. मात्र वीज गेली की भर दुपारी तीन किलोवॅट पॅनेल डोक्यावर असूनही घरात पंखा फिरत नाही, हे घेताना नीट सांगितलं जात नाही. ग्रिडचं व्होल्टेज नाहीसं झालं की इन्व्हर्टरनं दोन सेकंदांच्या आत ग्रिडपासून सुटणं बंधनकारक आहे, कारण डीपी बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात आपली वीज जाता कामा नये. हा नियम हवाच. काही इन्व्हर्टरमध्ये ग्रिड नसताना दिवसा एका वेगळ्या सॉकेटवर मर्यादित वीज मिळते, पण ऊन हललं की तीही जाते. ज्यांच्याकडे रोज तीन तास वीज जाते त्यांनी दिवे, पंखा आणि वायफायपुरती एक छोटी बॅटरी ठेवावी. बॅटरी वाईट नाही. तिच्याकडून पाणी उपसून घेणं वाईट.

फिडरच्या टोकाला राहणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो: दुपारी इन्व्हर्टर वारंवार सुटतो. आजूबाजूचे सगळे पॅनेल एकाच वेळी वीज ढकलतात, व्होल्टेज चढतं, आणि २३०च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३च्या आसपास गेलं की इन्व्हर्टर थांबतो. घरातल्या तारेचाही त्यात वाटा असतो. तीन किलोवॅटला १३ अ‍ॅम्पिअर. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंत तीस मीटर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असेल तर तिच्यातच साडेतीन व्होल्ट वाढतात. दहाची टाकली की दीडच्या आत. वीज कंपनीकडे अर्ज करण्याआधी हे बघावं, आणि मग व्होल्टेज उतरवण्यासाठी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून मागावा.

बिनबॅटरीच्या विचाराचं सगळ्यात देखणं रूप मला लसीच्या फ्रिजमध्ये दिसतं. दुर्गम आरोग्यकेंद्रांत सोलर फ्रिज चालायचे, पण त्यांच्या बॅटऱ्या काही वर्षांत मरायच्या आणि मग फ्रिज पडून राहायचा. आताच्या थेट सौर फ्रिजमध्ये पॅनेल सरळ कॉम्प्रेसरला जोडतात, कॉम्प्रेसर उन्हाप्रमाणे वेग बदलतो आणि दिवसभरात कप्प्याभोवती बर्फ गोठवतो. वीस किलो बर्फात जवळजवळ १.९ युनिट थंडी मावते. एक किरणही न मिळता लसी किमान तीन दिवस २ ते ८ अंशांत राहिल्या पाहिजेत, अशी त्यांची कसोटी असते. कुरडईच्या डब्यात आणि या फ्रिजमध्ये मला फारसा फरक वाटत नाही.

पंपाकडे परत येतो, कारण वर्षाचा जवळजवळ अर्धा काळ तो रिकामा असतो. पाऊस लागला की पाणी नको असतं, ४,८०० वॅट पॅनेल नुसते उभे राहतात, आणि ती वीज तयारच होत नाही. यासाठी युनिव्हर्सल कंट्रोलर मिळतात, त्यांना पंपाखेरीज कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, शीतपेटी अशी दुसरी यंत्रं जोडता येतात. साध्या कंट्रोलरवर गिरणी चढवायचा मोह टाळावा. पंपाला कमी वेगात कमी जोर लागतो, म्हणून तो ढगात हळू होऊन सावरतो. गिरणीच्या पात्यात दाणे अडकलेले असताना जोर कमी होत नाही, वेग उतरला की ती जागीच थांबते आणि पुन्हा उठताना प्रवाह मर्यादेबाहेर जातो. गिरणी मोकळी चालू करायची, पूर्ण वेग आल्यावर धान्य सोडायचं, आणि ढग येताना दिसला की तोंड बंद करायचं. कडबाकुट्टीला जड चाक असतं, ती दोन-तीन सेकंदांचा ढग त्या चाकावर काढते. मोटर आणि यंत्र यांच्यामध्ये तीन पोलचा चेंजओव्हर स्विच हवा, आणि तो फिरवायचा कंट्रोलर थांबल्यावरच. दळण सकाळी साडेदहानंतर घ्यावं. भाद्रपदात दुपारी दोनपर्यंत आभाळ भरून येतं, तेव्हा तीन-साडेतीन तासच हाती असतात.